एकाच चित्रकाराची दोन पोस्टर्स

लाल रंगात रंगवलेला एक सैनिक. एका हातात बंदूक, दुसऱ्या हाताचं बोट थेट आपल्यावर रोखलेलं. मागे धूर ओकणारी कारखान्यांची धुरांडी. खाली एकच सवाल : 'तू स्वयंसैनिक म्हणून नाव नोंदवलंस का?' दिमित्री मूर या चित्रकाराचं हे पोस्टर १९२० सालचं. रशियात तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि लाल सेनेला माणसं हवी होती.

बोट रोखण्याची कल्पना नवी नव्हती. १९१४ साली ब्रिटनने आणि १९१७ साली अमेरिकेने सैन्यभरतीसाठी तीच वापरली होती. पण रशियात पोस्टरची गरज आणखी मोठी होती. १८९७च्या जनगणनेत तिथे पाचांपैकी जेमतेम एकाला वाचता येत होतं. अशा देशात नव्या सरकारचं म्हणणं गावोगाव पोचवायचं, तर चित्रालाच बोलतं करायला हवं होतं.

मॉस्कोतली दुकानं तेव्हा ओस पडली होती. १९१९ साली 'रोस्टा' या सरकारी वृत्तसंस्थेने त्यांच्या रिकाम्या काचांमागे चित्रं लावायला सुरुवात केली. ताजी बातमी आली की मिखाईल चेरेम्निख यांच्यासारखे चित्रकार आणि कवी मायाकोव्हस्की कामाला लागत. मायाकोव्हस्की ओळी लिहीत आणि चित्रंही काढीत. छपाईची सोय अपुरी, म्हणून पुठ्ठा कापून साचा करायचा आणि हाताने रंग भरून प्रती काढायच्या. साच्यात बारकावे मावत नाहीत. त्यामुळे आकार ठसठशीत आणि माणसंही ठरावीक झाली : कामगार लाल, भांडवलदार म्हणजे उंच टोपीवाला ढेरपोट्या. पाहताक्षणी कळे, आपला कोण आणि शत्रू कोण.

पुढच्याच वर्षी, १९२१ साली, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. मूर यांनी पुन्हा पोस्टर केलं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हाडांचा सापळा झालेला म्हातारा शेतकरी, दोन्ही हात वर केलेले. शेजारी धान्याचं मोडकं ताट. शब्द एकच : 'पोमोगी', म्हणजे 'मदत कर'. इथे लाल रंग नाही, शत्रूही नाही. आजही ते पाहताना गलबलून येतं.

पण या चित्रात एक गोष्ट नाही. दुष्काळाला अवर्षण कारणीभूत होतंच. त्याआधी युद्धाने शेती मोडली होती आणि सरकारी तुकड्यांनी शेतकऱ्यांचं धान्य सक्तीने उचलून नेलं होतं, हेही तितकंच खरं. ते पोस्टरवर कुठेच नाही. सुमारे ५० लाख माणसं दगावली असा अंदाज आहे. पोस्टरांनी ज्या भांडवलशाहीची टर उडवली, त्याच अमेरिकेतून आलेल्या धान्यावर लाखो लोक जगले.

मूर यांची कळकळ खोटी होती असं नाही. चित्र खरं असूनही अपुरं असू शकतं, एवढंच. ही दोन्ही पोस्टर्स इंटरनेटवर सहज सापडतात. घरातल्या सगळ्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यातला सैनिक आपल्याला जाब विचारतो. दुसऱ्यातल्या शेतकऱ्याचं धान्य कुणी नेलं, हे मात्र आपण विचारायचं असतं. मोबाइलवर रोज येणाऱ्या चित्रांनाही असाच एखादा प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही.