जुन्या संगणकातील साठवण-यंत्रणा व ड्रायव्हर यांच्यातील विसंवाद : कारणे, निदान व उपाय

बीजसंज्ञा : हार्ड डिस्क, ड्रायव्हर, बायोस, एएचसीआय, डीएमए, युनिकोड

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या बहुतेक विभागांत एखादा तरी जुना संगणक कोपऱ्यात उभा असतो. तो निर्लेखित करावा असे सर्वांनाच वाटते, पण तो कोणी हलवू देत नाही, कारण त्यात विभागाची स्मृती साठवलेली असते. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांत ही बाब विशेष जाणवते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडील मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत टंकलिखित होत असे. हा मजकूर फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. शिवाय काही टंकलेखन-प्रणाली डोंगलशिवाय चालत नसत आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर जुन्या विंडोजपुरताच तयार झालेला असे. त्यामुळे असा संगणक बिघडला तर प्रश्न केवळ एका यंत्राचा राहत नाही. क्षेत्रकार्यातील मुलाखती, प्रबंधांची प्रकरणे, चर्चासत्रांचे निबंध हे सारेच पणाला लागते. प्रस्तुत लेखात अशा संगणकातील साठवण-यंत्रणा व ड्रायव्हर यांच्यातील विसंवादाची कारणे आणि निदानाची पद्धत यांचा संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांना उपयोगी पडेल असा विचार केला आहे.

१) एक अनुभव :
आमच्या विभागातील विंडोज एक्सपीचा संगणक उन्हाळी सुट्टीत बंद होता. विजेच्या कडकडाटाची धास्ती म्हणून त्याचा प्लगही काढून ठेवला होता. जूनमध्ये तो सुरू केला तेव्हा विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसले, लगेच निळा पडदा आला आणि यंत्र पुन्हा आरंभापाशी गेले. पडद्यावरील त्रुटी-क्रमांकाच्या अखेरीस ‘७बी’ ही अक्षरे होती. दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत निर्णय दिला, “डिस्क गेली सर, फॉरमॅट मारावं लागेल.” त्या डिस्कवर एका सहकाऱ्याच्या क्षेत्रकार्याच्या मुलाखतींची एकमेव प्रत होती.

डिस्क गेलेली नव्हती. बायोसमध्ये डोकावले तेव्हा तेथील तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली आणि तोच दुवा ठरला. मदरबोर्डवर सीआर २०३२ या प्रकारची, नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी असते. प्लग जोडलेला असताना घड्याळ व बायोसची स्मृती यांना बाहेरील विजेचा आधार मिळतो. प्लग काढल्यावर सारा भार या बॅटरीवर येतो. ती सुट्टीत संपली आणि बायोसची मांडणी मूळपदावर गेली. त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘आयडीई’ऐवजी ‘एएचसीआय’ झाली. ती पूर्ववत केली, बॅटरी बदलली, आणि संगणक सर्व फायलींसह सुरू झाला. तंत्रज्ञाचा सल्ला मानला असता तर शाबूत डिस्क आपल्याच हाताने कोरी झाली असती.

२) विसंवाद म्हणजे काय?
ड्रायव्हर हा विंडोज आणि यंत्रभाग यांच्यामधील दुभाषी होय. इतर भागांचा ड्रायव्हर विंडोज सुरू झाल्यावर डिस्कवरून वाचता येतो. पण डिस्कचाच ड्रायव्हर नसेल तर तो वाचायचा कोठून? म्हणून तो आरंभीच हजर असावा लागतो. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नव्हता. विंडोज बसवताना ‘एफ६’ कळ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे. विंडोज व्हिस्टापासून तो अंगभूत आला. परंतु व्हिस्टा वा विंडोज ७ आयडीई पद्धतीत बसवलेले असेल, तर हा ड्रायव्हर आरंभी जागा होत नाही आणि बायोसमधील पद्धत बदलताच तोच ७बी क्रमांक पुढे येतो. मात्र हीच त्रुटी खऱ्या बिघाडातही येऊ शकते, म्हणून एका लक्षणावर निर्णय देऊ नये.

३) दुरुस्तीपूर्वी प्रत :
कोणताही उपाय करण्यापूर्वी डिस्कवरील सामग्रीची प्रत काढावी. संगणक सुरू होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी जोडणीद्वारे दुसऱ्या संगणकाला लावावी, किंवा पेनड्राइव्हवरील लिनक्सने तोच संगणक सुरू करावा. लिनक्स स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येते. विंडोज सुरू होत नाही पण लिनक्समध्ये फायली व्यवस्थित उघडतात, असे झाल्यास दोष बहुधा डिस्कचा नसून विंडोज, ड्रायव्हर वा मांडणीचा असतो. ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विंडोजने विचारल्यास नकार द्यावा. ‘चेकडिस्क’ची दुरुस्तीही प्रतीपूर्वी चालवू नये, कारण ती डिस्कवर लिहिते, मरणपंथाला लागलेल्या डिस्कला हा भार सोसत नाही.

४) निदानाचा क्रम :
(अ) बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का? दिसत नसल्यास केबल, वीजपुरवठा अथवा डिस्क यांत दोष आहे; ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक् टक्’ आवाज येत असल्यास ती त्वरित बंद करावी.

(आ) डिस्कची स्वनोंद, म्हणजे ‘स्मार्ट’ नोंदी, तपासाव्यात. क्रमांक ५ व १९७ यांचे वाढते आकडे डिस्कच्या पृष्ठभागाची झीज दर्शवतात. क्रमांक १९९ वाढत असेल तर संशय प्रथम केबलवर घ्यावा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळीने पंखा जाम झालेल्या पेटीत डिस्कची गत काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

(इ) डिव्हाइस मॅनेजर पाहावे. पिवळ्या चिन्हासोबतचे क्रमांक बोलके असतात. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, ३९ म्हणजे तो खराब वा गहाळ आहे, १२ म्हणजे यंत्रभागाला हवी ती साधने मोकळी नाहीत.

५) नेहमी आढळणारे काही विसंवाद :
संगणक अचानक अतिशय मंद होणे ही सामान्य तक्रार आहे. आयडीई डिस्कशी देवाणघेवाण करताना वारंवार त्रुटी आल्यास विंडोज एक्सपी वेगवान डीएमए पद्धत सोडून पीआयओ या संथ पद्धतीवर उतरते. पीआयओचा वेग सेकंदाला जेमतेम १६ मेगाबाइट, त्यातही सारे ओझे प्रोसेसरवर. अशा वेळी केबल तपासून डिव्हाइस मॅनेजरमधील ती आयडीई वाहिनी काढावी व संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज ती नव्याने ओळखते.

सीडी ड्राइव्ह एकाएकी नाहीसा होण्यामागे अनेकदा काढून टाकलेल्या सीडी-लेखन प्रणालीचे अवशेष असतात. रजिस्ट्रीतील ‘अपर फिल्टर्स’ व ‘लोअर फिल्टर्स’ या नोंदी नसलेल्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत राहतात. रजिस्ट्रीची प्रत ठेवून सीडी ड्राइव्हच्या वर्गातील या नोंदी काढल्यास ड्राइव्ह परततो. पेनड्राइव्ह जोडूनही दिसत नसेल तर त्याला मिळालेले अक्षर नेटवर्क ड्राइव्हने आधीच घेतलेले असू शकते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर बदलणे पुरेसे होते.

नवी मोठी डिस्क जोडतानाही मर्यादा लक्षात घ्याव्यात. एक्सपीची मूळ आवृत्ती १३७ गिगाबाइटच्या पुढे पाहू शकत नव्हती. ही उणीव सर्व्हिस पॅक १ मध्ये दूर झाली. जुन्या एमबीआर विभागणीची मर्यादा सुमारे २ टेराबाइट आहे. डोंगलबाबत बोलायचे तर ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, त्यामुळे केवळ डिस्क नव्या संगणकात हलवून जुनी प्रणाली चालू होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

समारोप :
विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. हे संगणक इंटरनेटपासून दूर ठेवणेच श्रेयस्कर. त्यांची दुरुस्ती हा मुक्काम नसून सामग्री बाहेर काढण्यापुरती मिळालेली सवड आहे. त्या सवडीत फायलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि जोडाक्षरे व रफार मूळ प्रतीशी ताडून पाहावेत, कारण रूपांतरात चुका तेथेच अधिक होतात. बायोसच्या मांडणीची नोंद कागदावर करून संगणकाच्या पेटीवर चिकटवणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे. आमच्या सहकाऱ्याच्या मुलाखती वाचल्या, त्या एका बॅटरीमुळे. पण त्यांची एकच प्रत इतकी वर्षे एकाच डिस्कवर राहिली, हा दोष कोणत्याही ड्रायव्हरचा नव्हता.