पन्नास हजारांतले हातात किती?

भाच्याचा फोन आला, "मामा, पुण्यात 6 लाखांचं पॅकेज! महिना पन्नास हजार!" म्हटलं, थांब, कागद काढ. बेसिक 25,000. त्याच्या 12 टक्के तुझा पीएफ, तेवढाच कंपनीचा, आणि दोन्ही ह्याच पन्नासातले. 6,000 गेले. ग्रॅच्युइटीचे बाराशे, व्यवसाय कराचे 200 (फेब्रुवारीत 300). उरले 42,600.

नोकरी हिंजवडीला, म्हणून वाकडला दोघांत फ्लॅट: वाट्याचं भाडं 11,000, मेस 4,500. मेस रविवारी रात्री बंद, हे कुणी धरतच नाही. महिन्याचे हजारेक तिथेच उडतात. घरी 10,000 पाठवायचे. तरी भागेल. पण डिपॉझिट आधी लागतं, पगार महिना भरल्यावर.

"ते कुठून आणू?"

मी पासबुक शोधायला उठलो.