पावसाच्या पाण्याचा खर्च कोणीं सोसावा?

मुंबईच्या मालमत्ता कराचें बिल आपण कधीं सावकाश वाचून पाहिलें आहे काय? सर्वसाधारण कर, जलकर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, पथकर, वृक्ष उपकर, अशा ओळी त्यांत एकाखालीं एक आढळतात. नळानें येणाऱ्या पाण्याला ओळ आहे, मोरींतून जाणाऱ्या पाण्याला ओळ आहे. आकाशांतून पडणाऱ्या पाण्याला मात्र नाहीं.

आपल्या शहरांत मैला आणि पाऊस यांचे मार्ग निरनिराळे आहेत. पावसाचें पाणी भूमिगत वाहिन्यांतून, कोणतेंही शुद्धीकरण न होतां, सरळ समुद्रास मिळतें. पहिल्या पावसाबरोबर आठ महिन्यांची धूळ, मोटारींचें तेल आणि कचरा वरळीला, माहीमला व गिरगांवच्या चौपाटीला जाऊन पोहोंचतो. त्यांत चोरून जोडलेलें सांडपाणीही असतें. २००५ च्या प्रलयानंतर नेमलेल्या चितळे समितीच्या अहवालाप्रमाणें या वाहिन्यांच्या १८६ मुखांपैकीं ४५ समुद्राच्या सरासरी पातळीखालीं, १३५ भरतीच्या पातळीखालीं आणि अवघीं ६ तिच्या वर होतीं. भरतीच्या वेळीं मुसळधार पाऊस आला कीं हिंदमाता व परळ येथें गुडघाभर पाणी कां साचतें, हें यावरून उमजेल.

१९९३ च्या ब्रिमस्टोवॅड आराखड्यानें वाहिन्यांची क्षमता ताशीं २५ मिलिमीटर पावसावरून ५० वर नेण्याचें सुचविलें. काम रेंगाळलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां सारे जागे झाले आणि केंद्र सरकारनें १२०० कोटी रुपये मंजूर केले. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया येथें पंप बसले. परंतु पंप पाणी फेंकतो, धूत नाहीं. शिवाय अनुदान एकदांच येतें; गाळ मात्र दरसाल येतो.

अमेरिकेंतील बेलव्ह्यू शहरानें १९७४ सालीं पर्जन्यजलाची स्वतंत्र आकारणी सुरू केली. बर्लिनमध्यें ज्या जमिनींत पाणी मुरत नाहीं अशा झांकलेल्या पृष्ठभागावर, चौरस मीटरच्या हिशेबानें, शुल्क घेतात. मेरीलंड राज्यानें २०१२ मध्यें असाच कायदा केला. लोकांनीं त्याला ‘पाऊस कर’ म्हणून हिणवलें आणि २०१५ मध्यें त्यांतील सक्ती गेली.

आपल्याकडे हें कसें बसेल? गणितच मांडूं. समजा, लालबागच्या एका चाळीचें छप्पर ६०० चौरस मीटर आहे आणि खोल्या ८०. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाच्या वांट्यास साडेसात मीटर. शेजारीं जुन्या गिरणीच्या जागीं ६००० मीटरांचें फरसबंद अंगण आहे, मोटारी उभ्या करण्यासाठीं. तें सारें एकाच मालकाचें. आकारणी जमिनीच्या झांकणावर केली तर न्याय आपोआप होतो. मजल्यांवर केली तर चाळकरी मरतो.

शंका रास्त आहेत. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. ही आकारणी मागल्या दारानें तो परत आणील काय? कर वाढल्यास तो भाड्यांतून वसूल करण्याची मुभा घरमालकाला कायद्यानेंच दिली आहे. माझ्या मतें आरंभीं चाळींचीं छपरें वगळून फरसबंद आवारांपासूनच सुरुवात करावी. दुसरी शंका विश्वासाची. १९६९ च्या कायद्यापासून जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर आहे; तो भरूनही दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या इमारती गिरगांवांत थोड्या नाहींत. १९५४ सालीं शिरूर मठाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें कर आणि शुल्क यांतला भेद सांगितला: शुल्काच्या मोबदल्यांत सेवा हवी. तेव्हां या पैशांचें खातें वेगळें असावें व त्याचा जमाखर्च दरवर्षीं प्रसिद्ध व्हावा. रस्ते तर महापालिकेचेच. त्यांची रक्कम तिनेंही त्याच खात्यांत भरली पाहिजे.

आणि जो पाणी मुरवील त्याला सूट. गिरगांवच्या वाड्यांतून जुन्या विहिरी अजून आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंवतापाच्या भयानें त्यांतल्या पुष्कळ झांकल्या गेल्या. डांसांसाठीं जाळी बसवून छपराचें पाणी गाळून त्यांत सोडणाऱ्या वाडीचें शुल्क निम्में केलें, तर त्या विहिरी पुन्हां साफ करण्यास रहिवाशांना कारण मिळेल.