पट्ट्यांविना पेटी

गाणाऱ्याच्या घरात ‘पेटी’ म्हणजे हार्मोनियम आणि एसटीच्या टपावर चढते ती सामानाची. १९७१ साली लंडनमध्ये तयार झालेल्या एका वाद्याला हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. बंद असताना ते एखाद्या कारकुनाच्या ब्रीफकेससारखं दिसतं. झाकण उघडलं की आत पट्टी एकही नाही, त्यामुळे ‘पांढरी चार’ कुठे हे विचारायची सोय नाही. आहेत ती गोल बटणं, एक काटा हलणारं मीटर, दोन छोटे स्पीकर, एक दांडी आणि मधोमध भोकांचा एक चौकोनी पट. हे वाद्य म्हणजे सिंथी ए, विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर.

ते बनवलं ईएमएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक म्युझिक स्टुडिओज या संस्थेनं. तिच्यामागे तीन माणसं होती. पीटर झिनोव्हिएफ मूळचे भूशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले. थेम्सकाठच्या पटनी भागातल्या आपल्या घरी त्यांनी संगीतासाठी संगणक आणून ठेवला. संगणक घरात असणं ही त्या काळी कल्पनेपलीकडची गोष्ट होती आणि त्याच्या पैशांसाठी पत्नीचा लग्नातला मोती-पिरोजांचा मुकुट विकावा लागला होता. ट्रिस्ट्रम कॅरी हे संगीतकार. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात रडारवर काम केलं होतं, पुढे ‘डॉक्टर हू’ या मालिकेला संगीत दिलं. आणि डेव्हिड कॉकरेल हे तरुण अभियंते. सर्किटं त्यांची. माझ्या मते या कथेचे खरे नायक तेच आहेत.

१९६९ मध्ये या तिघांनी व्हीसीएस थ्री नावाचं लाकडी चौकटीतलं यंत्र आणलं. त्याचीच सर्किटं दोन वर्षांनी ब्रीफकेसमध्ये बसली. ती बसू शकली याचं कारण तो मधला पट.

त्या काळचे मोठे सिंथेसायझर कपाटाएवढे असत. एका खणातला आवाज दुसऱ्या खणात न्यायचा तर वायर जोडायची. काम रंगात येईपर्यंत समोर वायरींचं जाळं झालेलं असे. ते तसंच ठेवून झाकण लावणं अशक्य. अमेरिकेत मिनीमूग १९७० साली आला तो सुटसुटीत होता, पण त्यात आवाजाची वाट कारखान्यातच ठरलेली होती: आधी सूर काढणारा ऑसिलेटर, मग तो गाळणारा फिल्टर, मग तो मोठा करणारा अॅम्प्लिफायर. कॉकरेल यांनी वायरीही काढल्या आणि वाटही ठरवली नाही. सोळा आडव्या ओळी, सोळा उभे रकाने, मिळून २५६ भोकं. ओळीतून आवाज निघतो, रकान्यातून पोचतो. दोन्ही जिथे छेदतात तिथे पिन खोचली की जोडणी झाली. पिनेच्या पोटात छोटा रोध असतो. पांढरी पिन नेहमीच्या कामाची, लाल अधिक अचूक, आणि हिरवीतून फार थोडाच प्रवाह जातो. म्हणजे काय जोडायचं याबरोबर किती जोडायचं हेही पिनेच्या रंगावरून ठरवता येतं.

ज्या युक्तीनं यंत्र लहान झालं, तिनंच ते मोकळंही झालं. या वाद्यावरचं माझं प्रेम या एका गोष्टीवर आहे. इथे कुठलाही भाग दुसऱ्याचा कायमचा चाकर नाही. तिसरा ऑसिलेटर इतका संथ चालवता येतो की एका आवर्तनाला कित्येक सेकंद लागावेत. तेव्हा तो कानाला ऐकू येत नाही, पण पहिल्याचा सूर हळूहळू वर-खाली नेत राहतो. फिल्टर ताणला की तो स्वतःच शीळ घालू लागतो. रिंग मॉड्युलेटरला ३०० आणि २०० हर्ट्झचे दोन शुद्ध सूर द्या. ते दोन्ही नाहीसे होऊन ५०० आणि १०० चे दोन निघतात, बेरजेचा आणि वजाबाकीचा. घंटेसारखा, कुठल्याच सप्तकात न बसणारा तो नाद तिथून येतो. प्रतिध्वनीसाठी आत चक्क स्प्रिंगा आहेत. पेटीवर थाप मारली तर ढग गडगडतात. आणि बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत सोडला, तर यंत्र स्वतःशीच बोलू लागतं.

रागदारी वाजवायला मात्र ही पेटी घेऊ नये. खोली तापली की सूर सरकतो. तंबोरा लावणाऱ्याचा कान आणि त्याचा धीर इथे लागतोच, पण लावलेलं टिकेल याची खात्री नाही.

म्हणून ज्यांनी तिच्याकडे चाल मागितली नाही, त्यांना ती सर्वांत जास्त फळली. संगीतकार ब्रायन ईनो इतरांचे आवाज तिच्यातून काढत. माइकसाठी दोन वाटा असल्यानं गिटारही फिल्टरच्या हवाली करता येई. १९७७ मध्ये बर्लिनला गायक डेव्हिड बोवी यांच्या ‘हीरोज’साठी ईनो यांनी रॉबर्ट फ्रिप यांच्या गिटारला असंच वळण दिलं. १९७२ मध्ये झाकणात सपाट, स्पर्शानं चालणारा कीबोर्ड आणि २५६ घटना लक्षात ठेवणारा सिक्वेन्सर आला. ती सिंथी एकेएस. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधलं ‘ऑन द रन’ तिच्यावरच उभं आहे. आठ सुरांची एक ओळ भरायची, तिचा वेग भरमसाट वाढवायचा आणि ती फिरत असताना फिल्टर उघडझाप करायचा. सूर तेच राहतात, श्वास बदलतो. फ्रान्समध्ये झाँ-मिशेल जार यांच्या १९७६ च्या ‘ऑक्सिजेन’मध्येही याच घराण्यातली यंत्रं आहेत.

ईएमएसचा कारभार १९७० चं दशक संपता संपता आवरला. नंतर ते नाव आणि दुरुस्तीचं काम संस्थेतलेच जुने सहकारी रॉबिन वूड यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये चालू ठेवलं. झिनोव्हिएफ २०२१ मध्ये गेले.

या पेटीत आवाज साठवायची सोय नाही. त्यासाठी छापील कागद असत, त्यावर तोच पट आणि तीच बटणं, रिकामी. सापडलेला आवाज हरवू नये म्हणून वादक पेन्सिलीनं एकेका भोकावर खूण करी, बटणाचा काटा कुठे होता ते रेखाटी. दुसऱ्या दिवशी कागद समोर ठेवून सगळ्या पिना जिथल्या तिथे खोचल्या, तरी कालचा आवाज जवळपास येऊन थांबे. मग एक बटण केसभर फिरवायचं आणि ऐकायचं.