‘देव उजळणे’ : घरगुती संगमरवरी मूर्तींची निगा आणि तिची परिभाषा

यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांतून दसरा-दिवाळीच्या आधी जे एक काम नेमाने केले जाते, त्यास ‘देव उजळणे’ असे म्हणतात. देव्हाऱ्यातील मूर्ती व टाक ताटात काढावयाचे, चिंचेच्या कोळाने अथवा लिंबाच्या फोडीने घासावयाचे, स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून पुन्हा जागेवर मांडावयाचे, असा त्याचा क्रम असतो. देव पितळेचे, तांब्याचे वा चांदीचे होते तोवर या क्रमाबद्दल प्रश्न उपस्थित होण्याचे कारण नव्हते. परंतु आता त्यांच्या शेजारी जयपूरकडील पांढरी संगमरवरी मूर्ती येऊन बसली आहे, आणि सणाच्या गडबडीत तीही त्याच ताटात पडते. अशाने काही वर्षांत तिची तकाकी जाते, नाक व ओठ यांच्या रेषा बोथट होतात, डोळ्यांचा रंग सुटतो. आणि मूर्ती पूजेस योग्य राहिली की तिचे विसर्जन करावे, अशी चिंता घरात उत्पन्न होते. हानी झालेली असते ती हेळसांडीमुळे नव्हे, तर श्रद्धेने केलेल्या निगेमुळेच. असे का व्हावे, याचे उत्तर अंशतः द्रव्याच्या स्वरूपात व अंशतः भाषेत सापडते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा परामर्श घेतला आहे.

१. दगडाचे कूळ

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. लाव्हारसापासून झालेला हा बेसाल्ट खडक कठीण असून घरगुती आम्लांना सहजासहजी दाद देत नाही. गावोगावचे मारुती, नंदी व नागशिळा बहुधा याच दगडाच्या असतात. पैनगंगेच्या पलीकडे माहूरगडावर असलेली आणि या भागातील कित्येक कुटुंबांची कुलदेवता असलेली रेणुका तांदळ्याच्या रूपात, शेंदूरचर्चित मुखाने पूजिली जाते. अशा ठिकाणी तेल व शेंदूर यांचे थरावर थर चढत जातात. दगडाचा मूळ पृष्ठभाग दिसावा अशी अपेक्षाच तेथे नसते.

जिल्ह्याच्या पूर्वेस, वणी व झरी-जामणी या बाजूस, मात्र फार प्राचीन चुनखडीचे थर उघडे पडलेले आहेत. वणीजवळच्या राजूर परिसरात हा दगड भट्टीत भाजून चुना काढण्याचा धंदा चालत आला आहे. संगमरवर हा या चुनखडीच्याच कुळातला दगड होय. भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे चुनखडीचे पुन्हा स्फटिकीभवन झाले म्हणजे संगमरवर तयार होतो. रूप पालटले तरी त्याचे मुख्य घटकद्रव्य कॅल्शियम कार्बोनेट हेच राहते. राजस्थानातील मकराण्याचा जो शुभ्र संगमरवर ताजमहालास लागला व ज्यातून जयपूरचे कारागीर आजही मूर्ती घडवितात, त्याचाही स्वभाव याहून निराळा नाही.

या स्वभावाची दोन लक्षणे निगेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले मऊपणा. मोहस् यांच्या काठिण्यश्रेणीत संगमरवरातील कॅल्साइट या खनिजाचा क्रमांक ३ आहे, तर वाळूतील क्वार्ट्‌झचा ७. म्हणजे राखेतील वा मातीतील बारीक कणही त्यावर ओरखडे पाडू शकतो. दुसरे लक्षण आम्लापुढे असलेली दुर्बलता. कडाप्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर लिंबाचा थेंब राहिला तर तेथे फिकट, खरखरीत डाग पडतो, हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरातील आहे. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत, आणि तो डाग वरून लागलेला नसून दगड खाल्ला गेल्याची ती खूण असते.

२. शब्दाचे कूळ

‘संगमरवर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘संग’ म्हणजे दगड आणि ‘मर्मर’ हे त्या दगडाचे नाव. हे ‘मर्मर’ मूळ ग्रीक ‘मार्मारोस’शी संबद्ध असून त्या शब्दाभोवती चकाकीचा अर्थ वावरतो. पानांच्या सळसळीचे वाचक असलेले संस्कृत ‘मर्मर’ अगदी वेगळे. त्याच्याशी याची गल्लत करू नये. मराठीत आल्यावर दोन लागोपाठच्या मकारांपैकी दुसऱ्याचा वकार झाला व ‘मरवर’ हे रूप सिद्ध झाले. विषमीकरणाचे हे चांगले उदाहरण होय. ‘संग’ हाच घटक ‘संगजिरे’ या शब्दातही आहे, परंतु तो दगड संगमरवराहून पुष्कळच मऊ असतो व नखानेही ओरखडला जातो.

‘संगमरवरी’ या विशेषणातील ‘ई’ प्रत्यय विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘लाकडी’, ‘सुती’ या शब्दांत तो प्रत्यय द्रव्य दाखवितो, तर ‘गुलाबी’, ‘केशरी’ यांत केवळ सादृश्य दाखवितो. ‘संगमरवरी’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरता येतो, आणि बाजारात या संदिग्धतेचा पुरेपूर उपयोग होतो. संगमरवराची भुकटी व कृत्रिम राळ यांच्या मिश्रणातून साच्यात ओतलेली मूर्तीही ‘संगमरवरी’च ठरते. खऱ्या दगडाची मूर्ती हाताला गार व आकाराच्या मानाने जड लागते. तिच्या बैठकीच्या खालच्या, पॉलिश न केलेल्या भागावर साखरेसारखे स्फटिककण चमकतात. साच्यातील मूर्तीवर मात्र जोडाची रेघ किंवा हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे पुष्कळदा आढळतात. खरेदीच्या वेळी ‘संगमरवरी आहे काय?’ असे न विचारता ‘अखंड दगडातून कोरलेली आहे काय?’ असे विचारणे अधिक निश्चित होय.

३. धातूची भाषा

देवपूजेची घरगुती परिभाषा पाहिली असता तिच्यावर धातूचा ठसा स्पष्ट दिसतो. देवांना स्नान घालण्याचे पात्र ते ‘ताम्हण’. त्याच्या नावातच ‘ताम्र’ आहे. देव ‘काळे पडतात’, म्हणून ते ‘घासावयाचे’ व ‘उजळावयाचे’. ‘घासणे’ हे क्रियापद संस्कृत ‘घृष्’ धातूकडे व ‘उजळणे’ हे ‘उज्ज्वल’ या शब्दाकडे जाते. या दोन्ही क्रियापदांत एक गृहीत दडलेले आहे : आत तेज आहे, वर मळ आहे, आणि मळ काढला की तेज प्रकट होते.

धातूच्या बाबतीत हे गृहीत खरे आहे. हवेतील द्रव्यांशी संयोग होऊन पितळेवर व तांब्यावर काळसर पुट चढते. चिंचेतील टार्टारिक आम्ल किंवा लिंबातील सायट्रिक आम्ल हे पुट विरघळविते व खालचा धातू उघडा पडतो. धातूचा ऱ्हास होतो, पण तो अत्यल्प असतो. संगमरवराच्या बाबतीत मात्र आम्लाला विरघळविण्याजोगे निराळे पुट नसते. ते थेट दगडावरच चालून जाते. कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे उठतात, कॅल्शियमचे लवण पाण्याबरोबर वाहून जाते आणि तकतकीत पृष्ठभाग खरबरीत होतो. खरबरीत पृष्ठभागावर धूळ व काजळी अधिक धरते. मूर्ती पुन्हा मळकी दिसते. मग ती पुन्हा घासली जाते. असे हे दुष्टचक्र आहे.

येथे मूर्तीच्या आकाराचाही विचार केला पाहिजे. घरातील प्रतिमा अंगठ्याच्या पेराएवढ्या मापापासून फार तर एक वितस्ती उंचीची असावी, असे मत्स्यपुराणात सांगितले आहे. ही ‘वितस्ती’ म्हणजेच आपली ‘वीत’. वीतभर उंचीच्या मूर्तीत नाकाचा उठाव काही मिलिमीटरांचाच असतो. देवळातील पुरुषभर उंचीच्या मूर्तीवर लक्षातही न येणारी झीज येथे चेहरा पुसून टाकते.

४. शास्त्रातील विवेक

परंपराच अशी आहे, मग उपाय काय, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु परंपरेचा आधारग्रंथ पाहता द्रव्यानुसार निगा वेगळी ठेवण्याचा विवेक त्यात पूर्वीपासून असल्याचे दिसते. भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत : दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रित, वाळूची, मनोमय व रत्नाची. त्याच ठिकाणी पुढे असा नियम दिला आहे की, लेप्य नसलेल्या प्रतिमेस स्नान घालावे व इतरत्र परिमार्जन करावे. मातीच्या व रंगविलेल्या प्रतिमा स्नानातून वगळावयाच्या, असा याचा अर्थ टीकाकारांनी केला आहे. मराठी वाचकाला हा स्कंध एकनाथांच्या भागवतामुळे परिचित आहे. तो ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, काशी येथे पूर्ण झाला.

हा नियम जयपुरी मूर्तीला लावून पाहावा. तिचे शरीर दगडाचे, परंतु डोळे, ओठ, केस, वस्त्रांचे काठ व दागिने रंगांनी व सोनेरी रेघांनी काढलेले असतात. म्हणजे एकाच मूर्तीत ‘शैली’ व ‘लेख्या’ असे दोन प्रकार एकत्र आले आहेत. जेथे रंग आहे तेथे स्नान वर्ज्य होय, हा निष्कर्ष शास्त्रास धरूनच निघतो. गणेशचतुर्थीला मातीच्या मूर्तीवर पंचामृत ओतले जात नाही, दूर्वेने अथवा फुलाने प्रोक्षण केले जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. तोच विवेक संगमरवरी मूर्तीला लागू करण्यात परंपरेचा भंग होत नाही.

‘परिमार्जन’ या शब्दाविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘मृज्’ धातूच्या जागी येणाऱ्या आदेशांत ‘पुस’ हा आदेश दिला आहे. मराठी ‘पुसणे’ याच प्राकृत धातूचे रूप होय. तेव्हा भागवतातील ‘परिमार्जन’ या क्रियेला घरगुती मराठीत अगदी नेमका शब्द आहे. संगमरवरी देव उजळावयाचा नसतो. तो पुसावयाचा असतो.

५. निगेची रीत

रोज मऊ, कोरड्या, धुतलेल्या सुती फडक्याने मूर्ती हलक्या हाताने पुसावी. सांदीकोपऱ्यांतील धूळ मऊ केसांच्या कुंचल्याने काढावी. ओली फुले रात्रभर अंगावर राहू देऊ नयेत. हळदीचा रंग दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतो व सहसा निघत नाही. म्हणून हळद-कुंकू व गंध मूर्तीच्या पुढे ठेवलेल्या विड्याच्या पानावर किंवा छोट्या तबकात वाहावे. अभिषेक करावयाचा असल्यास तो ताम्हणात सुपारीवर किंवा धातूच्या मूर्तीवर करून संगमरवरी मूर्तीवर फुलाने साध्या पाण्याचे प्रोक्षण करावे. पंचामृतातील दह्यात लॅक्टिक आम्ल व तुपात स्निग्धांश असतो. पहिले दगड खाते, दुसरे त्यात मुरते.

धातू काळा पडतो, संगमरवर पिवळा पडतो, हा भेद ध्यानात ठेवावा. पिवळेपणा बहुधा तेल, तूप व समईची काजळी मुरल्यामुळे येतो. यास्तव समई व निरांजन मूर्तीपासून हातभर दूर असावे. तेलाचा ताजा डाग पडल्यास त्यावर संगजिऱ्याची कोरडी पूड जाड थराने पसरून एक दिवस ठेवावी. पूड तेल शोषून घेते, मग ती कुंचल्याने झटकावी. जुना डाग घरी खरवडू नये.

मूर्ती फारच मळली तर, वर्षातून एखाद्या वेळी, रंग नसलेला भाग सौम्य, आम्लरहित साबणाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्याने पुसावा. लगेच स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण काढून कोरडे करावे. या कामी कूपनलिकेचे जड पाणी वापरल्यास ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी त्याऐवजी वापरावे. भांडी उजळण्याच्या भुकट्या, राख, रांगोळी, तारेची घासणी व फरशीचे आम्ल यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. मूर्ती उचलताना हात, बासरी किंवा प्रभावळ धरू नये. दोन्ही हातांनी बैठक धरावी. उन्हाळ्यात तापणाऱ्या खिडकीत ती ठेवू नये, कारण कॅल्साइटचे स्फटिक तापल्यावर एका दिशेने प्रसरण पावतात व दुसऱ्या दिशेने किंचित आकुंचतात, आणि त्या ताणाने कणांमधील सांधे कालांतराने ढिले होतात.

६. समारोप

मोठ्या देवस्थानांनाही झिजेचा प्रश्न चुकलेला नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती आली आहे, आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने रासायनिक संवर्धनाचे काम केले. तेथे तज्ज्ञ असतात. घरच्या देव्हाऱ्यात मात्र देव पुसणारी व्यक्ती हीच एकमेव संरक्षक असते, आणि तिच्या हाती असलेले ज्ञान मुख्यतः शब्दांच्या रूपाने तिच्याकडे आलेले असते. द्रव्य बदलले, पण क्रियापद बदलले नाही, म्हणून हानी झाली.

भाषाभ्यासकाला येथे करण्याजोगे काम आहे. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत कोणत्या द्रव्याच्या देवासाठी घासणे, उजळणे, धुणे, पुसणे यांपैकी कोणते क्रियापद योजले जाते, ते काम घरात कोण करते व ते कोणाकडून शिकते, याची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येईल. कोशात या शब्दांचे अर्थ मिळतात, परंतु ते कोणत्या द्रव्याला लागतात हे मिळत नाही. ती माहिती बोलणाऱ्यांकडूनच गोळा करावी लागेल, आणि ती गोळा करीत असताना ‘संगमरवरी देव पुसावा’ एवढे एक वाक्य त्या घरात सांगून येणे अभ्यासकाच्या कामास बाधक ठरणार नाही.