न दुखणाऱ्या गाठीचं दुखणं

तोंडातल्या गाठीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: तंबाखू खातो का? महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण प्रश्न तोच राहिला. मग ज्या मुलीने सुपारीही चाखलेली नाही, तिच्या टाळूवरची गाठ घरात कोण मनावर घेणार? त्यातून ती दुखत नाही. लाळग्रंथींच्या गाठींची खरी गोम इथेच आहे.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. त्यांखेरीज ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तराखाली ६०० ते १००० बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. तोंडातल्या लाळग्रंथींच्या बहुतेक गाठी या बारीक ग्रंथींतून उगवतात. मुलांत अशा गाठी विरळाच. सौम्य गाठींत पहिला नंबर प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचा, आणि तोंडात तिची आवडती जागा टाळूच.

खालच्या ओठावरचा निळसर, पाणीदार फोड वेगळा. ओठ चावून नलिका फुटते, लाळ साचते, फोड येतो. वरच्या ओठातली टणक गाठ मात्र तपासायलाच हवी. टाळूवरचा फुगवटा तर हटकून दाताचं गळू वाटतो. जाणता दंतवैद्य लगतच्या दाताला गार स्पर्श करून पाहतो. दात जिवंत असेल, एक्स-रे स्वच्छ असेल आणि वरचं अस्तर गुळगुळीत असेल, तर तो अँटिबायोटिकवर वेळ न दवडता बायोप्सीकडे वळतो.

‘सुरी लागली की गाठ पसरते’ ही भीती इथे आड येते. पण गाठ सौम्य की कर्करोगाची, हे न तपासता ठरवायचं कसं? बारीक ग्रंथींच्या गाठींत कर्करोगाचं प्रमाण मोठ्या ग्रंथींपेक्षा जास्त असतं, आणि मुलांतही म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा हा लाळग्रंथींचा कर्करोग आढळतो.

गाठ सौम्य निघाली तरी प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचं कवच अनेकदा अपुरं असतं. गाठीचे कोंब त्याबाहेर डोकावतात. नुसती सोलून काढली तर मागे राहिलेल्या पेशींतून वर्षांनंतर एकीच्या जागी अनेक गाठी उगवतात. म्हणून सर्जन भोवतीचा थोडा निरोगी भाग आणि खालचं हाडावरचं आवरणही काढतात. उघडी जखम ॲक्रिलिकच्या प्लेटखाली झाकतात. ती काही आठवड्यांत भरून येते. गाठ तशीच ठेवली, तर काळ लोटेल तसा तिचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

कारण बहुतेक वेळा सापडत नाही. अनेक ॲडिनोमांत पीएलएजी१ या जनुकाची फेरजोडणी दिसते. किरणोत्साराचा संबंध मात्र पक्का आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांत आणि डोक्यावरच्या नायट्यासाठी लहानपणी क्ष-किरण दिलेल्या इस्रायलमधल्या मुलांत पुढे लाळग्रंथींच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

तेव्हा दोन-तीन आठवड्यांत न जिरलेली गाठ दाखवावी, दुखो वा न दुखो. बाराव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या मुलीपुढे साठ वर्षांचं आयुष्य आहे. डॉक्टर बदलतील, गाव बदलेल. म्हणून पॅथॉलॉजीचा अहवाल दहावीच्या गुणपत्रिकेइतकाच जपून ठेवावा, आणि दाताच्या प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी तो दाखवावा.