कोणत्या पानावर अडलात?

सत्र संपत आले की महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून एक छापील फॉर्म भरून घेतात. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो : क्रमिक पुस्तक कसे वाटले? १ ते ५ पैकी एका आकड्याभोवती गोल करा. संगणकजाळे हा विषय शिकवणारे आम्ही काही शिक्षक एकदा अशा फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसलो. तासाभरात कंटाळलो. बहुतेकांनी ३ ला गोल केला होता, थोड्यांनी ५ ला आणि थोड्यांनी १ ला. पुस्तकात काय चांगले आहे आणि काय वाईट, हे त्यातून काहीच कळेना.

मग ग्रंथालयात जाऊन पुस्तकाची प्रत पाहिली. पुस्तक म्हणजे अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’. अ‍ॅमस्टरडॅमच्या या प्राध्यापकांनी १९८१ मध्ये ते प्रथम लिहिले. २०२१ मध्ये, दोन सहलेखकांसह, त्याची सहावी आवृत्ती निघाली. ग्रंथालयातली प्रत जुन्या आवृत्तीची होती. ती मिटून कडेने पाहिली तर पहिल्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच्या पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या होत्या. पुढच्या कडा कोऱ्या करकरीत. फॉर्मांच्या गठ्ठ्याने जे सांगितले नव्हते ते या कडांनी सांगितले. आम्ही वर्गात जाऊन प्रश्न बदलून विचारला : “तुम्ही या पुस्तकात कोणत्या पानावर अडलात?”

आता मात्र मुले बोलू लागली.

पहिली तक्रार सर्वांत मोठ्याने आली. “सर, वेबपानावरचा फोटो आपल्या मोबाइलवर येतो कसा, हे शिकायला मिळेल म्हणून हा विषय घेतला. पुस्तकात सुरुवातीलाच तांब्याच्या तारा, फायबर आणि सिग्नलची गणितं. फोटो शेवटच्या प्रकरणांत. तिथपर्यंत परीक्षाच आली.” ही तक्रार पुस्तकाच्या क्रमाविषयी आहे आणि ती नेमकी आहे. टॅनेनबॉम तळापासून वर जातात : आधी तार, मग तारेच्या दोन टोकांमधला संवाद, मग अनेक जाळ्यांतून मार्ग काढणे, मग माहिती विश्वासाने पोचवणे आणि सर्वांत शेवटी वेब, ई-मेल यांसारखे उपयोग. २००० च्या सुमारास कुरोस आणि रॉस या दोघांनी हाच क्रम उलटा करून पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच ‘टॉप-डाउन’ म्हणजे वरून खाली हे शब्द आहेत. तेव्हापासून कोणता क्रम बरा, यावर शिक्षकांत वाद चालू आहे.

वाद समजण्यासाठी ‘थर’ ही कल्पना आधी पाहायला हवी. वेबपानावरचा फोटो ३ लाख बाइटचा आहे असे धरू. तो अखंड येत नाही. पाठवणाऱ्या संगणकातली टीसीपी ही व्यवस्था त्याचे तुकडे करते. सामान्यतः एका तुकड्यात १४६० बाइट बसतात, म्हणजे आपल्या फोटोचे २०६ तुकडे होतील आणि शेवटचा ७०० बाइटचा असेल. प्रत्येक तुकड्यावर टीसीपी २० बाइटची चिठ्ठी चिकटवते. तीत तुकड्याचा अनुक्रम असतो, त्यामुळे वाटेत एखादा हरवला किंवा पुढेमागे झाला तर ते लक्षात येते. त्यावर आयपी ही दुसरी व्यवस्था आणखी २० बाइटची चिठ्ठी लावते. तिच्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. दोन चिठ्ठ्या धरून झाले १५०० बाइट. हे सर्व ईथरनेटच्या तारेवर जाताना पुढे १४ आणि मागे ४ बाइट लागतात. ते फक्त त्या एका तारेपुरते असतात. पुढच्या राऊटरकडे पोचताच ते काढून टाकले जातात आणि पुढच्या तारेसाठी नवे लावले जातात. वाटेतला राऊटर आयपीची चिठ्ठी वाचतो. आत फोटो आहे की पत्र, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. प्रत्येक व्यवस्था आपापली चिठ्ठी तेवढी वाचते, यालाच थर म्हणायचे.

हे समजावण्यासाठी कुरोस आणि रॉस विमानप्रवासाचा दाखला देतात : तिकीट, सामान, प्रवेशद्वार, धावपट्टी, आणि उतरल्यावर हेच उलट क्रमाने. विमानात कधी न बसलेल्या मुलांना त्यातून काही बोध होत नव्हता. वर्गातल्या एका मुलीने त्याऐवजी पोस्टाचा पिनकोड सुचवला आणि आमच्या मते तो सरस ठरला. कोलकात्याहून साताऱ्याला निघालेल्या पाकिटावर ४ हा पहिला अंक पाहिला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड या विभागाकडची पिशवी ठरते. गाव कोणते, हे तिथे पाहण्याचे कारण नाही. पहिल्या तीन अंकांवरून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या कार्यालयासाठी असतात. राऊटरही आयपी पत्त्याचा सुरुवातीचा भाग पाहून दिशा ठरवतो. (जाता जाता : ही पिनपद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान होते.) मात्र दाखला कुठे तुटतो, हेही मुलांना सांगावे. पिनकोड भूगोलाप्रमाणे वाटलेले आहेत. आयपी पत्ते संस्था आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्या यांना गटागटाने दिलेले असतात. शेजारच्या दोन घरांचे पत्ते अगदी वेगळ्या गटांतले असू शकतात.

दुसरी तक्रार ऐकून आम्ही जरा ओशाळलो. एक मुलगा म्हणाला, “सात थर पाठ केले. नावं उलटसुलट म्हणून दाखवतो. पण प्रयोगशाळेत वायरशार्क लावून पॅकेट उघडलं तर सात सापडतच नाहीत. पुस्तक चुकीचं आहे का?” वायरशार्क हे जाळ्यातून जाणारी पॅकेटे पकडून उघडून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ईथरनेट, आयपी, टीसीपी आणि त्यावर वेबचा, बहुधा कुलूपबंद केलेला, मजकूर दिसतो. ‘सेशन’ आणि ‘प्रेझेंटेशन’ या नावांचे पाचवा आणि सहावा हे थर वेगळे असे दिसत नाहीत.

मुलाचे निरीक्षण बरोबर होते. सात थरांचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा. त्याचे काम १९७७ मध्ये सुरू झाले आणि मानक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याआधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे टीसीपी-आयपीवर गेले होते. आजचे इंटरनेट त्यातून वाढले. सात थरांची नावे बोलण्यात राहिली, पण त्या आराखड्याबरोबर आखलेले नियमसंच मागे पडले. गंमत अशी की हे सारे टॅनेनबॉम यांनी पुस्तकातच लिहिले आहे. सात थरांचा आराखडा का रुजला नाही, यावर त्यांनी स्वतंत्र भाग लिहिला असून वेळ, तंत्र, प्रत्यक्ष उभारणी आणि राजकारण अशी चारही कारणे दिली आहेत. टीसीपी-आयपीलाही त्यांनी सोडलेले नाही. आणि स्वतः ते पुस्तक पाचच थर धरून रचतात. मुलांनी तो भाग वाचला नव्हता, कारण ‘तो अभ्यासक्रमात नाही’ असे आम्हीच सांगितले होते. परीक्षेत ‘सात थर आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न येतो, म्हणून आम्ही सात थर शिकवतो. पुस्तकाला पडलेल्या १ आणि २ गुणांतले काही गुण खरे तर आमचे होते.

तिसरी तक्रार एका गणिताविषयी होती. “कुत्र्याचं गणित कशाला घातलंय?” ते गणित असे : बर्नी नावाचा सेंट बर्नार्ड कुत्रा ब्रँडीच्या बुधल्याऐवजी तीन टेप घेऊन धावतो. प्रत्येक टेपवर ७ गिगाबाइट माहिती आहे आणि कुत्र्याचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे. सेकंदाला १५० मेगाबिट वाहून नेणाऱ्या तारेपेक्षा तो किती अंतरापर्यंत जास्त वेगाने माहिती पोचवील? हिशेब केला तर ५.६ किलोमीटर येतात. आल्प्सच्या बर्फात हरवलेल्या प्रवाशांना ब्रँडी नेणाऱ्या कुत्र्याची दंतकथा ज्याला ठाऊक नाही, त्याला या गणितातला विनोद कळत नाही. विनोद कळला नाही की गणितही वायफळ वाटते.

आम्ही कुत्रा काढून एसटी घातली. नाशिकहून पुण्याला, सुमारे २१० किलोमीटर, पाच तासांच्या प्रवासाला एक मुलगा निघाला आहे. त्याच्या दप्तरात १ टेराबाइटची भरलेली हार्ड डिस्क आहे. म्हणजे ८ लाख कोटी बिट. पाच तासांचे सेकंद १८,०००. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ४४४ मेगाबिट येतात. घरी १०० मेगाबिटची जोडणी असेल तर तीच माहिती पाठवायला बावीस तासांहून अधिक वेळ लागेल. एसटी चौपटीहून जास्त वेगवान! वर्गात एकच गलका झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणी विचारले, “मग व्हिडिओ कॉल एसटीने करायचा का?” आम्हाला हवा होता तो प्रश्न हाच. एसटीतला पहिला बिट पाच तासांनी पोचतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे पहिल्या बिटाला हे अंतर तोडायला एक सहस्रांश सेकंद पुरतो. एका सेकंदात किती माहिती जाते ही एक गोष्ट आणि पहिली माहिती पोचायला किती उशीर लागतो ही दुसरी. ‘नेट स्लो आहे’ म्हणताना आपण दोन्हींची गल्लत करतो. बर्नीचे गणित हेच सांगत होते.

चौथे मत होते, “पुस्तक जुनं आहे.” इथे मुले निम्मी बरोबर होती. नव्वदच्या दशकातल्या आवृत्तीत एटीएम नावाच्या तंत्राला भरपूर पाने दिली आहेत. हे पैसे काढण्याचे यंत्र नव्हे. यात सगळी माहिती ५३ बाइटच्या सारख्या पुड्यांत बांधली जाई : ५ बाइट पत्त्याचे आणि ४८ माहितीचे. ४८ हा आकडा तरी कुठून आला? अमेरिकेकडून ६४ ची मागणी होती, युरोपकडून ३२ ची. शेवटी मधला आकडा घेतला. हे तंत्र मागे पडले आणि पुढच्या आवृत्त्यांतून त्याची पानेही आटली. जुनी प्रत वाचणाऱ्याने ती खुशाल गाळावीत.

पण मुलांनी ‘जुने’ म्हणून अलोहालाही त्याच टोपलीत टाकले होते. अलोहा म्हणजे हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडण्यासाठी सुरू केलेले जाळे. सगळे एकाच लहरीवर बोलणार. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघांची टक्कर झाली तर दोघांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, ठरावीक नसलेली वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. अशा मोकाट पद्धतीत वेळेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भाग कामी येतो. ठरलेल्या ठोक्यालाच बोलायला सुरुवात करायची एवढा एकच नियम घातला तर हे प्रमाण दुप्पट होते, ३६.८ टक्के. मुलांना वाटत होते की ही हवाईतली जुनी गोष्ट केवळ गणितासाठी ठेवली आहे. आम्ही त्यांना खिशातला मोबाइल काढायला लावला. फोन सुरू होऊन टॉवरशी पहिला संपर्क साधतो, तेव्हा त्याला टॉवरने अजून वेळ नेमून दिलेली नसते. म्हणून तो ठरावीक ठोक्यांपैकी एकावर एक छोटी खूण यदृच्छेने निवडून पाठवतो. दुसऱ्या फोनशी टक्कर झाली तर थांबून पुन्हा पाठवतो. ४जी आणि ५जी दोन्हींत अलोहाची ही कल्पना जिवंत आहे. टॅनेनबॉम यांच्या पुस्तकातले हे पान काळवंडलेल्या भागाच्या थोडे पलीकडे, कोऱ्या कडेत होते.

पुढच्या सत्रात आमच्यापैकी एकाने क्रम उलटा करून पाहिला. पहिल्याच आठवड्यात वेबपानावरचा फोटो घेतला, त्याचे २०६ तुकडे फळ्यावर मांडले आणि तिथून खाली उतरत गेला. मुले खूश होती. सत्राच्या शेवटी त्याने तोच प्रश्न विचारला : कोणत्या पानावर अडलात? एका मुलीने वही उघडून दाखवली. तुकडा, टीसीपीची चिठ्ठी, आयपीची चिठ्ठी, ईथरनेटची चिठ्ठी, सगळे नीट काढलेले होते. त्याखाली एक आडवी रेघ होती आणि रेघेशेजारी तिने पेन्सिलीने लिहिले होते, “आता हे १५१८ बाइट तारेत नेमके जातात कसे? ते प्रकरण राहिलं.”